पोलादी दांडा मी परत केला

भिवंडीजवळच्या आमच्या टेमघरात गोल्फ हा शब्द माझ्यामुळे आला, असं मी म्हटलं तर ती बढाई नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी. झालेलाही मीच पहिला. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात उभा राहून पांढऱ्या चेंडूला काठी मारणारा तर अख्ख्या गावात पहिला. डिग्रीचा अभिमान मला आजही आहे. गोल्फची आठवण निघाली की मात्र मी विषय बदलतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. ठाण्यात एका कंपनीत मी लॅब असिस्टंट होतो. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, त्या खळीत घालायची रसायनं आम्ही बनवायचो. आमचे मोठे साहेब मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले. बोलायचे हिंदीत, रागवायचे इंग्रजीत. एका रविवारी त्यांनी आम्हा दोघा असिस्टंटना मुंबईला गोल्फच्या मैदानावर नेलं. दुसरा असिस्टंट ठाण्याच्या एका डॉक्टरांचा मुलगा. माणूस सरळ होता, त्याच्याबद्दल वावगं बोलायला मला जागा नाही. साहेबांनी गंमत म्हणून माझ्या हातात काठी दिली. मी मारली. चेंडू एवढा लांब गेला की साहेबांनी टोपी वर सरकवून पाहिलं.

"किधर सीखा?"

"शेतात, सर. विटीदांडू."

साहेब खूप हसले, पण त्या दिवसापासून ते मला नेमाने मैदानावर नेऊ लागले. मग एकदा त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सेल्स ऑफिसरची एक जागा निघणार होती. "मिल मॅनेजर लोग ऑफिस में सिर्फ चाय पीते हैं," साहेब म्हणाले, "बात मैदान पर करते हैं. होली के पहले मॅच है. तुम दोनों खेलो. मैं देखूँगा."

एवढं मला पुरेसं होतं. ऑफिसर म्हणजे टेबल, खुर्ची, बाहेर नावाची पाटी. आमच्या आडनावाची पाटी तोवर कुठल्याच दारावर लागली नव्हती. घराच्या दारावरसुद्धा नाही.

त्याच सुमारास साहेबांच्या भावाने अमेरिकेहून एक काठी पाठवली. लांब फटका मारायची, लाकडी डोक्याची. तिचा दांडा पोलादाचा नव्हता, काळा कुळकुळीत, ग्रॅफाइटचा. साहेबांना ती मानवेना. आपली जुनी पोलादी दांड्याची आणि ही काळी, अशा दोन्ही काठ्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. "आठ दिन घर ले जा. जो जमे वो रख, दूसरी वापस ला. वो इसको दूँगा." इसको म्हणजे डॉक्टरांच्या मुलाला. पहिली निवड माझी होती, हे लक्षात घ्या.

दोन्ही काठ्या गोणपाटात गुंडाळून मी एस.टी.ने घरी आणल्या. सकाळी ऑफिसला निघण्याआधी शेतात जाऊन मारायचो. पोलादी काठीने चेंडू मध्यम जायचा पण नाकासमोर. फटक्याचा झटका पार कोपरापर्यंत यायचा. काळी काठी हातात असून नसल्यासारखी. फिरवली की वारा कापल्याचा आवाज व्हायचा, आणि चेंडू बसला तर बांध ओलांडून, वालाचं शेत ओलांडून कुठल्या कुठे. नाही बसला तर मात्र तो कुणाच्या बापाचा नव्हता. एकदा काकांच्या म्हशीच्या पाठीवर बसला.

काका बांधावर येऊन ओरडले, "म्हशीचा दूध आटला ना, तं तुझ्या सायबाकडनं भरून घेन!"

आमच्या शेताच्या कडेने शिफ्टला जाणारे यंत्रमागाच्या कारखान्यातले लोक थांबून बघायचे. उत्तरेकडचा एक विणकर रोज काहीतरी बोलल्याशिवाय पुढे जात नसे. "बाबू, गेंद इतनी छोटी, डंडा इतना लंबा. और भागना किसको है?"

"पळायचं कुणालाच नाही, भाई. चालायचं."

"तो फिर खेल काहे का? ये तो ड्युटी हो गयी."

बाबा जॉबर होते, म्हणजे शेडमधले माग दुरुस्त करायचे. मागाची नाडी त्यांना कळायची. एका रविवारी त्यांनी ओटीवर बसून दोन्ही काठ्या मांडीवर घेतल्या. नख मारून पाहिलं, वास घेऊन पाहिला.

"ह्यो काला कशाचा?"

"ग्रॅफाइटचा, बाबा."

"म्हंजे?"

आता मी बी.एस्सी. केमिस्ट्री. "पेन्सिलीत असतं ना, ते," मी ऐटीत म्हणालो.

"पेन्शील? पेन्शील तं खाली पडली का तुटते."

मग मी तंतू, डिंकासारखं रसायन, दाब, तापमान असं सगळं समजावलं. अवकाशयानाला असलं सामान लावतात, हेही सांगितलं.

"यान आभालात जाते," बाबा म्हणाले. "तू तं जमिनीव आपटतंस. पोलादाचा ठेव. कवा मोडला तं वेल्डिंग तरी मारता येल."

आई आतून म्हणाली, "त्याला वेल्डिंग मारत बसायचाय का? सायब व्हायचाय त्याला." ओटीवर सगळे हसले. बाबाही हसले, पण काळा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी हळूच वाकवून पाहिला आणि चेहरा काळजीचा केला.

मी काळी ठेवली. खरं सांगायचं तर सरळ चेंडू पोलादी काठीने जात होता, हे मला दिसत होतं. पण पोलाद आमच्या घरात होतंच. विळे, कोयते, बाबांचे पाने. मी शिकलो ते परत पोलादच उचलायला नाही, असं काहीसं डोक्यात होतं. ही काळी काठी अख्ख्या मैदानावर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती घेऊन उभं राहिलं की लोक वळून बघतील, असं वाटायचं.

साहेबांना पोलादी काठी परत नेऊन दिली, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "पक्का?"

"येस सर."

त्यांनी ती तिथल्या तिथे डॉक्टरांच्या मुलाच्या हातात दिली.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात कंपनीत मालाची तपासणी निघाली. मला घरी यायला उशीर व्हायचा, शेतात जाणं झालंच नाही. काठी ओटीवर खुंटीला टांगलेली असते, एवढंच मला माहीत. ती खुंटीवर नव्हती, हे मी पाहिलंच नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी बाबांनी काठी कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली. "आता न्हाय तुटायचा."

"काय केलंत बाबा?"

"केला कायतरी. जा, बस चुकल."

बसमध्ये मांडीवरच्या त्या कापडाला शेडसारखा वास येत होता. पण आमच्या घरातल्या कुठल्या वस्तूला तो वास नव्हता? माझ्या डिग्रीच्या फोटोतल्या कोटालासुद्धा आला असता. मी मनावर घेतलं नाही.

मैदानावर बरेच मिल मॅनेजर जमले होते. मी कापड सोडलं. दांडा कधी नव्हे इतका चमकत होता. मूठ चामड्याच्या पट्टीची होती, ती जरा गडद आणि मऊ लागली. पहिला फटका मी मारला तो जन्मात विसरणार नाही. चेंडू सरळ गेला, उंच गेला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन पडला. साहेबांनी टाळी वाजवली. "माय बॉय," ते शेजारच्या मॅनेजरला म्हणाले. त्या क्षणी मी ऑफिसर होतो. पाटीसकट.

मग ऊन चढलं. तळहाताला घाम आला आणि त्या घामाबरोबर मुठीतून काहीतरी पाझरायला लागलं. रुमालाने पुसलं, पुन्हा पाझरलं. मी माती चोळली. त्याने चिखल झाला. पाण्याच्या डबक्यापलीकडे चेंडू टाकायचा होता. सगळे मॅनेजर मागे उभे. मी पूर्ण ताकदीने काठी फिरवली आणि ती माझ्या हातातून निघून गेली. गरगरत गेली आणि डबक्यात पडली. चेंडू होता तिथेच होता.

मग एक मॅनेजर म्हणाला, "क्या भिवंडीवाले, धोटा उड गया क्या?"

मागावरचा धोटा कधी कधी निसटून शेडभर उडतो, हे त्या सगळ्यांना ठाऊक. मैदान हसण्याने भरून गेलं. डॉक्टरांचा मुलगा तेवढा हसला नाही. एका पोऱ्याने काठी काढून आणली. साहेबांनी ती घेतली, मूठ दाबली, बोटं नाकाशी नेली.

"ये तेल कैसा?"

तेव्हा मला उमगलं. धोट्याला टोला देणारा म्हशीच्या कातड्याचा ठोकळा असतो, पिकर म्हणतात त्याला. नवा पिकर बाबा कधीच तसाच मागावर लावत नसत. तेलाच्या डब्यात बुडवून मुरवत ठेवायचे. मुरलेलं कातडं झटका सोसतं, कोरडं फुटतं. आणि मी त्यांना सांगितलं होतं की दांडा पेन्सिलीच्या शिशाचा आहे, त्यात मूठ कातड्याची. आठवडाभर काठी त्या डब्यात उलटी उभी होती.

सांगता आलं असतं. साहेब समजूतदार होते. पण ते हसणं अजून थांबलं नव्हतं, आणि बाबांचं नाव त्या हसण्यात टाकायची माझी तयारी नव्हती.

"हात घामेजले, सर," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घामाला असा वास नसतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी काठी माझ्या हातात परत दिली.

डॉक्टरांच्या मुलाने आपली पोलादी काठी पुढे केली. "घे ना, एवढ्यापुरती." मी नको म्हणालो. मुठीला रुमाल बांधून काळीच चालवली. चेंडू डावीकडे गेला, उजवीकडे गेला, झाडात गेला. त्याचा चेंडू फार लांब कधी गेला नाही, पण नाकासमोर गेला. शेवटी मिल मॅनेजर त्याच्याबरोबर चहा पीत बसले होते आणि मी नळावर हात धूत होतो. तेल काही केल्या जाईना.

घरी आलो तेव्हा बाबा ओटीवर वाट बघत होते. काका पण होते.

"तुटला?"

"नाही तुटला, बाबा."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बग!" ते काकांना म्हणाले. "सांगत व्हतो का न्हाय? पेन्शील का असंना, तेल मुरला का न्हाय तुटत." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "आनि त्या कामाचा काय?"

"कळेल."

कळलं. साहेबांनी केबिनमध्ये बसवून सांगितलं, तेही चांगल्या शब्दांत. "पहला शॉट तेरा सबसे अच्छा था." जागा डॉक्टरांच्या मुलाला गेली. पुढे तो मोठा झाला, लायकीचाच होता. मी लॅबमध्ये राहिलो, लॅबमध्येच नाव कमावलं, कुणापुढे मान खाली घालायची वेळ आली नाही. पण मैदानावर मला परत कुणी नेलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

खंत जागा गेल्याची होतीच, पण ती हळूहळू ओसरली. न ओसरणारी दुसरीच आहे. पोलादी काठी ठेवली असती तर बाबांनी ती चिंधीने पुसून खुंटीला टांगली असती, आणखी काही केलं नसतं. पोलादाची त्यांना काळजी वाटत नव्हती. काळजी वाटली ती मी जे हौसेने निवडलं त्याची, आणि ते मोडू नये म्हणून हातात होती ती विद्या त्यांनी लावली. माझी निवड, त्यांची माया, दोन्ही एकाच डब्यात बुडाल्या. हे त्यांना सांगावं, असं कितीदा तरी ओठांवर आलं. सांगून काय मिळालं असतं? ते शेडमध्ये सगळ्यांना सांगत फिरत होते की अमेरिकेचा दांडा मी पक्का केला.

महिन्याभराने साहेबांनी काळी काठी परत मागितली, भावाला हवी होती म्हणे. मी सकाळी खुंटीवरून काढायला गेलो तर बाबांनी आधीच ती उतरवली होती. मांजरपाटात गुंडाळून वर सुतळी बांधत होते.

"परत कशाला मागतंय सायब?"

"त्यांच्या भावाची आहे."

"बरा." त्यांनी गाठ आवळली आणि काठी माझ्या हातात दिली. "सायबाला सांग, आता दहा वरसा तरी काय व्हत न्हाय तिला. कोनी केला विचारलं तं नाव सांग माझा."

"सांगतो," मी म्हणालो.