पाणी हटायची वाट

मे महिना सरत आला, की कोयना धरणाच्या फुगवट्याचं पाणी कुठवर उतरलं, हे मी अजून विचारतो. निवृत्त फौजदाराला त्याचं काय, असं घरचे म्हणतात. पण ती केस आठवल्याशिवाय माझा एकही उन्हाळा जात नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. पाकिस्तानशी बंद पडलेली ये-जा पुन्हा सुरू झाली होती. मी मेढा ठाण्याला फौजदार होतो. एका सकाळी सांगलीहून बिनतारी संदेश आला. कराचीहून मिरजेला भावाकडे आलेली पन्नाशीची एक बाई व्हिसाची मुदत संपली तरी परत गेली नव्हती, आणि आता भावाच्या घरातूनही नाहीशी झाली होती. अशा पाहुण्याचा व्हिसा तेव्हा ठरलेल्या गावापुरताच असे. आल्यावर पोलिसांत नोंद, निघताना नोंद, आणि मधे गाव सोडायचं नाही. हिने मुदत वाढवून मागितली होती, मिळाली नव्हती. मुदतीनंतर राहिलं तर खटला, कैद किंवा दंड, मग सरहद्दीपलीकडे पाठवणी. त्यानंतर पुन्हा व्हिसाचं नाव काढायची सोय नाही.

त्याच आठवड्यात फुगवट्याच्या काठच्या एका गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "सायेब, आमच्याकडं एक परकी बाई आलीया. रोज सकाळी पाण्याच्या कडंला धोंडा ठिवती आन् कालच्या धोंड्यापास्नं पाणी किती हटलं ते बघत बसती. धरणाचं माप घेती जणू."

धरण, माप आणि तो संदेश! दोन शिपाई घेऊन मी निघालो.

एका शेतकऱ्याच्या पडवीत ती बाई भाकऱ्या थापत होती. पिशवीत कपडे, पासपोर्ट आणि रुमालात गाठ मारून ठेवलेली मूठभर माती. एक शिपाई कानाशी येऊन म्हणाला, "सायेब, सुरुंगाची दारू असंल." या गड्याने लवंगी फटाक्यापलीकडे दारू पाहिलेली नव्हती. तरी पंचांसमक्ष माती जप्त करून सील केली.

ठाण्यात ती उर्दूत एकच वाक्य बोलत राहिली, मला काही ठाऊक नाही. दरडावून पाहिलं, चहा देऊन पाहिलं. चहा तिने घेतला, जबाब दिला नाही. माझ्या अनुभवात स्वतःसाठी घाबरलेला माणूस फार बोलतो. गप्प बसतो तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो.

ते दुसरं माणूस दुपारच्या एसटीने स्वतःच आलं. जिच्या घरी ती राहिली होती ती घरमालकीण, तिची लहानपणची मैत्रीण, खोऱ्यातल्या बोलीत गडण. हातात भाकरीचं फडकं. आल्या आल्या तिने बाईलाच झापलं, "आगं, सांग की सायबास्नी! तुला ठिवून घेतल्यापायी मला आत टाकतील म्हून गप बसलीयास व्हय? टाकू देत. तितंबी भाकरीच हाय."

तेव्हा ती बाई रडली, आणि बोलली ती आमच्याच खोऱ्याच्या भाषेत.

"आवं सायेब, आमचं गाव त्या पाण्याखाली हाय. माजं लगीन झालं तवा कराचीला मुंबईवरनं बोटीनं जायाचं. मागनं मधी दुसरा देस झाला. आई सारकी म्हणायची, लेकीचं घर एकदा डोळ्यानं बघू दे. न्हाई बघितलं तिनं. ती गेली तवाबी मी तिकडं. मग धरान झालं आन् कबरसुदीक बुडाली. ही माती माज्या कराचीच्या अंगणातली हाय. आईच्या कबरीवर घालायची हाय. तेवढंच माजं घर बघंल ती."

उन्हाळ्यात पाणी उतरलं, की बुडालेल्या गावांचे चौथरे उघडे पडतात. मग उठवलेली माणसं लांबलांबून येतात, जुन्या देवापुढे नारळ फोडतात. पाणी किती हटलं ते कळावं म्हणून काठाला धोंडे ठेवायची त्यांची रीतच आहे. मी पाटलाला विचारलं, ही रीत तुम्हाला माहीत नव्हती? तो म्हणाला, "हाय की म्हाईत. पर आपली मानसं ठिवत्यात ते येगळं."

भावाचा जबाब झाला, वरिष्ठांकडून चौकशी झाली. हेरगिरीचा संशय निवळला. मुदतीचा गुन्हा मात्र उरला. जागेच्या पंचनाम्याला तिला काठावर नेलं. तिच्या धोंड्यांची रांग उतारावरून पाण्यापर्यंत गेली होती. मशिदीचा चौथरा वर आला होता. कबरी त्याच्या खालच्या अंगाला, अजून पाण्यात.

"सायेब, चार-आठ दिस थांबा की," ती म्हणाली.

थांबावं असं मला फार वाटलं. पण कोर्टाची तारीख पडली होती. तिने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद, दंड आणि पाठवणी असा निकाल झाला. पासपोर्ट परत मिळाला. माती निरुपयोगी मुद्देमाल म्हणून अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायचा हुकूम झाला. बंदोबस्तात जाताना तिने विचारलं, "नष्ट म्हंजी काय करत्यात वं?"

"नियमाप्रमाणे करू," मी म्हणालो.

अपिलाची मुदत संपली तेव्हा पावसाने खोरं भरलं होतं. माती मुद्देमालाच्या खोलीत राहिली. हुकुमात नष्ट करायला सांगितलं होतं. कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं. पाटील आणि ती गडण, दोघांना पंच म्हणून घेऊन मी मशिदीच्या चौथऱ्याच्या खालच्या अंगाला गेलो. गडणीने चिखलातली कबर बरोबर दाखवली. मी सील तोडलं, रुमाल तिच्या हाती दिला. माती घालून ती वाकून म्हणाली, "चाची, हे बघा तुमच्या लेकीचं अंगान."

पंचनाम्यात मी लिहिलं, सदर माती जागेवरील मातीत मिसळून नष्ट केली. नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले, पण लिहिताना डोळे भरून आले ते त्या एकाच वेळी. मुदत पाळलीच पाहिजे, हे मी आजही म्हणेन. पण माणूस काय करतो एवढं बघून तपास पुरा होत नाही, कशासाठी करतो तेही विचारावं लागतं, हे मी त्या बाईकडून शिकलो.

परत निघताना गडणीने पाण्याच्या कडेला एक धोंडा ठेवला. मी म्हणालो, "बाई, आता कशाला?"

"आसू द्या सायेब," ती म्हणाली. "कवा ती आलीच, तर पयलं इचारंल, पानी कुटवर हटलं हुतं म्हून."