उलटं चाललेलं दार

डब्यातल्या पेरूवर मीठ भुरभुरण्याआधी दीदी चिमूटभर मीठ उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे नसतं ना, तर माझं बोलणं तुले समजलंच नसतं." स्टाफरूममधले बाकीचे हसायचे. त्या गंभीर असायच्या.

रायपूरच्या आमच्या कॉलेजात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या, मी इतिहास. दोघींची घरं मूळची विदर्भातली, म्हणून सगळ्या हिंदीत आमचं दोघींचं मराठी चालायचं. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना दीदी म्हणायचे. विषय कॉलेजात ठेवून घरी जाता येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दीदी त्यातल्या.

तरुणपणी त्यांनी मेंदूतल्या एकाच प्रोटीनवर संशोधन केलं होतं. एक पेशी दुसरीला निरोप देते तो ग्लुटामेट नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन उचलून आत न्यावं लागतं, नाहीतर तोच निरोप वाजत राहतो आणि ऐकणारी पेशी मरते. उचलायचं काम हे प्रोटीन करतं, पण बळ त्याचं स्वतःचं नसतं.

"बळ सोडियमचं, मिठातल्याच," त्या सांगायच्या. "पेशीबाहेर त्याची गर्दी, आत जागा. त्याले आत यायचंच असते. येताना तो प्रोटीनच्या खाचेत बसतो, तेव्हा कुठं ग्लुटामेटची जागा पक्की होते. मग दोघं सोबत आत. पोटॅशियम बाहेर गेलं की दार पुन्हा पहिल्यासारखं." सांगताना त्यांचे दोन्ही पंजे दारासारखे उघडमीट करायचे. पंडरीच्या कापडबाजारात साडी घेतानाही एकदा त्यांनी हे सांगितलं. दुकानदार साडी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलके, चेष्टेखोर. आपल्या घरात नवऱ्यापेक्षा सोडियमला मान जास्त, अशी त्यांची कायमची तक्रार. दोघांनी शांतता हवी म्हणून नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. तिथे एका दुपारी जेवताना यजमानांच्या हातातला घास गळून पडला आणि तोंड एका बाजूला वाकलं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. दीदींनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती दूर जुन्या शहरातून यायची होती.

त्या दुपारबद्दल त्या माझ्याशी पुष्कळ महिन्यांनी बोलल्या, त्याच फ्लॅटच्या बाल्कनीत. खाली रुंद रस्ता होता, मोकळा.

"रक्त थांबलं की पेशीची ताकद संपते," त्या म्हणाल्या. "सोडियमले बाहेर फेकणारा पंप बंद पडतो. तो आत साचतो. मग माझं ते प्रोटीन उलटं चालते. जे आत न्यायचं, तेच बाहेर ओतते, आणि शेजारच्या पेशी त्यात मरतात." त्यांनी खालच्या रस्त्याकडे बोट केलं. "त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी इथून रस्ता पाहत होती. मले माहीत होतं आत काय होऊन राहिलं."

माहीत नसतं तर बरं झालं असतं का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण त्या रागावल्या नाहीत.

"नाही. माहीत नसतं तर मी ओरडली असती. माहीत होतं म्हणून हळू बोलत राहिली. म्हटलं, जेवढं उरलं आहे, तेवढ्याले ऐकू जाऊ दे."

यजमान वाचले. पण त्या बोलक्या माणसाजवळ एकच शब्द उरला, छत्तीसगढी होकाराचा: हव. चहा ठेवू? हव. दुखते? हव. दुखत नाही ना? तरी हव. दीदी सुरावरून उत्तर ओळखायला शिकल्या. कॉलेजातही परत आल्या. प्रोटीन उलटं चालतं तो भाग त्यांनी गाळला नाही. वर्गातली एक पोट्टी मला नंतर म्हणाली, "मॅडम उस दिन पूरा टाइम बोर्ड की तरफ ही देखती रहीं."

पुढच्या थंडीत यजमान झोपेतच गेले.

त्यानंतर त्यांच्याकडे गेलं की बोलण्यात मोकळ्या जागा सापडायच्या. "चहा ठेवते," म्हणून दीदी मान वळवायच्या आणि आतल्या खोलीकडे बघत थांबायच्या, कोणाला 'हव' म्हणायला लागेल इतकंच. मग स्वयंपाकघरात जायच्या. हळूहळू मीही त्यांच्याबरोबर थांबू लागले. एकदा तर त्या थांबायच्या आधी मीच थांबले.

यंदाच्या उन्हाळ्यात दीदीही गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. फ्लॅट रिकामा करायला त्यांची मुलगी बंगलोरहून आली आणि मदतीला तिने मला बोलावलं. तिला मराठी कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. दिवसभर आम्ही भांडी बांधली, पुस्तकं कॉलेजला द्यायला बाजूला काढली. निघताना ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पंखा बंद कर दूँ?"

तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. मी थांबले. तीही हात बटणावर ठेवून तशीच उभी राहिली.