आमच्या ओट्यावरचा शुक्रवार

प्रभूशी मी गोड बोलत नाही, हे आधीच सांगते. त्या महिन्यात तर रोज भांडत होते. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, तोंडातल्या तोंडात चालूच. कारण आमच्या मंडळीची खोली जाणार होती. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला लागून एक भाड्याचा गाळा, तेच आमचं चर्च. मालकाला तिथं कापडाचं गोडाऊन करायचं होतं. आधीच रविवारी उपासनेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, म्हणून पाळकसाहेबांनी ठरवलं की आता सगळ्यांनी कल्याणच्या मंडळीत जावं.

सगळ्यांनी म्हणे. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून उजवी बाजू गेली, वाचाही गेली. व्हीलचेअरवरून कल्याण कुठलं गाठणार? आठवडाभर भिंतीकडे बघत बसणारा हा माणूस फक्त रविवारी पांढरा शर्ट मागायचा. खुंटीकडे डावा हात करून दाखवायचा. तो एक दिवस गेला तर ह्यांच्यात काय उरेल, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा. जो सगळ्यांत दुबळा त्यालाच मागं टाकून पुढं जायचं असेल, तर मंडळी हवीच कशाला, असं मी प्रभूला विचारायची. आणि उत्तराला न थांबता पुढची पोळी लाटायला घ्यायची.

गाळ्यातला शेवटचा रविवार उजाडला. गाळ्याला तीन पायऱ्या. मंडळीतले दोन जण ह्यांची खुर्ची उचलून आत घ्यायचे, पण त्या दिवशी दोघंही ड्युटीवर. आमच्यातले बहुतेक पुरुष लूमवरच आहेत, आणि भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी कारखाने धडधडतच असतात. तरी इतकी वर्षं आम्ही रविवारच धरून बसलेलो. प्रभूचा दिवस तो, दुसरा वार कुणाच्या मनातही आला नाही. बहुतेक बायकाच यायच्या आणि त्या खडखडाटात घसा ताणून गायच्या.

मी पायरीखाली खुर्ची धरून उभी, डोळ्यांत पाणी आणि डोक्यात राग. तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातून रफीक चहाला बाहेर आला. उत्तर प्रदेशातला माणूस, केसांत सुताचा भुगा. येता जाता दिसायचा, बोलणं कधी नव्हतं. काही न विचारता त्यानं सोबत्याला हाक मारली आणि दोघांनी खुर्ची अलगद आत नेऊन ठेवली. मग रिकाम्या सतरंज्यांकडे बघून म्हणाला, “चाची, इतवार को कौन आएगा? सब तो लूम पे हैं. जुम्मे को रखो ना.”

खरं सांगते, मला राग आला. हा कोण आम्हाला वार शिकवणारा? पण तो गेला नाही. दारातच घुटमळला आणि हळूच म्हणाला की गावाकडे बायको आजारी आहे, तिच्यासाठी इथं दुआ होईल का.

मी पाळकसाहेबांना हाक मारणार, तोच ह्यांनी डावा हात वर केला. रफीक खुर्चीपाशी वाकला. ह्यांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. आणि लाईट गेली.

लोक म्हणतील, भिवंडीत लाईट काय रोजच जाते. जाते ना. मी कुठं नाही म्हणते. पण सगळे लूम एकदम थांबले, पंखा थांबला, आणि त्या शांततेत ह्यांच्या तोंडून शब्द आला. “बापा.” फुटका, अर्धा, पण शब्दच. आमची प्रार्थना ह्याच हाकेनं सुरू होते. किती तरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते. पुढची प्रार्थना पाळकसाहेबांनी पुरी केली. मला तर रडूच आवरेना.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, खोली जाऊ द्या, आमच्या घरापुढचा ओटा आहे. शुक्रवारी या. ते अडखळले, प्रभूचा दिवस कसा सोडायचा म्हणाले.

“साहेब, प्रभूला सगळे वार चालतात. लूमवाल्यांना चालत नाहीत.”

ते रिकाम्या सतरंज्या गोळा करायला लागले. मग म्हणाले, “आपण माणसांना बोलावत राहिलो. त्यांच्याकडे जायचं राहूनच गेलं.”

आता शुक्रवारी आमच्या ओट्यावर सतरंजी पुरत नाही. ज्या पुरुषांचे चेहरे मी नाताळालाच बघायची ते आंघोळ करून, पोरंबाळं घेऊन येतात. नमाजानंतर रफीक चहाला येतो. त्याच्या बायकोचं औषधपाणी अजून चालू आहे. आम्ही दर शुक्रवारी तिचं नाव घेतो. ह्यांची वाचा परत आली असं नाही. तो एक शब्द मात्र राहिला.

ह्यांना गाळ्यापर्यंत नेता यावं म्हणून मी प्रभूशी भांडत होते. त्यानं तिथलं दारच बंद केलं आणि सगळ्यांना उचलून ह्यांच्या खुर्चीपाशी आणून बसवलं. मी हट्ट सोडला तेव्हा कुठं त्याचं काम माझ्या ध्यानात आलं. त्याचे उपकार मी कुठल्या तोंडानं मानू? भांडण अजून होतंच, सवय जात नाही. पण हल्ली भांडून झालं की मी ऐकायलाही थांबते.

आज शुक्रवार. ह्यांनी सकाळीच खुंटीकडे हात केलाय.