स्पर्शावाचूनची जवळीक

सुमित्राआक्कांची नि माझी ओळख रागाने सुरू झाली. निपाणीच्या आमच्या शाळेतल्या साहित्य मेळाव्याचं आमंत्रण घेऊन मी बेळगावला, वडगावातल्या त्यांच्या घरी गेलो होतो. पाया पडायला वाकलो, तर आक्का दचकून मागे सरल्या. एवढ्या मोठ्या कादंबरीकार आणि ही वागणूक, असं मनात आलं. तेवढ्यात त्यांचे यजमान, आप्पा, विणता विणता हातमागावरून उतरून आले. "रागावू नगा सर, तिला हात लावल्यालं सोसत न्हाय. बसा, च्या घ्या."

आपण स्वमग्न आहोत हे आक्कांना पन्नाशीत डॉक्टरांकडून कळलं. नवऱ्यावर जीव असलेली, पण त्याच्या स्पर्शाने गुदमरणारी बाई त्याआधीच त्यांच्या दोन कादंबऱ्यांत येऊन गेली होती. समीक्षकांनी तिला थंड ठरवलं. एका कार्यक्रमात एका मुलीने धिटाईने विचारलं, "मग जवळीक कसली, आक्का?" आक्का खाली बघतच म्हणाल्या, "ह्ये मागावर बसलं की मी पल्याड ताणल्याल्या सुतावर हात ठिवते. ह्यांचा ठोका माझ्या तळहातात येतो. तीच जवळीक." सभागृहात काहीजण हसले.

सदलग्याची एक बाई कादंबरी वाचून रडत आली. तिच्या लेकीलाही स्पर्श सोसत नसे, याच कारणाने तिला सासरी नांदवत नव्हते. गर्दीला भिणाऱ्या आक्का भरल्या बसने खानापूरकडे, त्या लेकीच्या सासरी गेल्या, सासूला परोपरीने समजावलं. लेक आजही माहेरीच आहे. "लिवून काय झालं, सांगा," असं आक्का विचारतात.

गेल्या वर्षी आप्पा गेले. भेटायला आलेल्या बायका रिवाजाप्रमाणे गळ्यात पडून रडू लागल्या. आक्कांनी मागाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. "नवरा गेला, डोळ्याला पाणी न्हाय," अशी कुजबुज झाली. कुजबुजणाऱ्यांत त्यांची पुस्तकं वाचलेली माणसंही होती. कुणी दाराशी नुसतं बसलं असतं तरी पुरलं असतं. पण तसं बसणारा माणूस एकच होता आणि त्यालाच आम्ही नुकतं पोचवून आलो होतो. त्यानंतर आक्कांनी एक ओळ लिहिलेली नाही.

तुमच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहितोय, त्यात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आयुष्य मागायचं तर मागा. पर त्ये कुणाजवळ बसून काढू, त्ये बी लिवा."

आक्का, ते मला लिहिता येत नाही. तरीही पुष्कळ वर्षं धडधाकट जगा. हे आम्ही आमच्यासाठीच मागतो आहोत, हे तुम्हाला कळतंच.