कन्यादानाचे हात

मुलीच्या लग्नाची तारीख ठरली त्या दिवशी घरात सगळ्यांना आनंद झाला. मी माझ्या हातांकडे बघत बसलो.

सोरायसिस माझ्या अंगावर वीसेक वर्षांपासून आहे. कोपरांवर आहे, गुडघ्यांवर आहे, डोक्यात आहे, पण खरा त्रास तळहातांचा. तिथली कातडी जाड होते, पांढरी पडते, मग तिला भेगा जातात आणि बोटं सरळ करताना त्यांतून रक्त येतं. हा आजार कोणाला लागत नाही आणि कायमचा जातही नाही. वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. कोणी कितीही सांगितलं तरी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं नाही. त्याने चट्टे भराभर जातात, आणि औषध थांबलं की सगळ्या अंगावर परत येतात. म्हणजे पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानातून झालं, असं मला म्हणता येत नाही.

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात या आजाराचा एक क्रम बसलेला होता. झोपताना डांबराच्या वासाचं मलम, त्यावर व्हॅसलीन, हातांत सुती मोजे. सकाळी चादरीवर माझ्या कातडीचा कोंडा पडलेला असे. कामवाली यायच्या आत बायको तो झाडून घेई. इतक्या वर्षांत तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. पण कामवालीला कळता कामा नये, हे आमच्यात न बोलताच ठरलं होतं.

साखरपुड्यात मी होणाऱ्या जावयाला कुंकू लावलं आणि पेढा भरवला. शेजारी त्याची आत्या उभी होती. तिने माझा हात पाहिला.

“हाताला काय झालंय हो भाऊ? इन्फेक्शन आहे का?”

“नाही नाही. कंपनीत केमिकल असतं, त्याची ॲलर्जी.”

“मग हातमोजे देत नाहीत का कंपनीवाले? आमच्याकडे तर झाडूवाल्यालाही देतात.”

सगळे हसले, मीही हसलो. मी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसतो, केमिकलचा आणि माझा संबंध नाही. मुलगी समोरच होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून पदर सारखा केला. सोरायसिस घराण्यात उतरतो. माझ्या वडिलांना होता. ते शब्द त्या हॉलमध्ये उच्चारले असते तर पुढचा प्रश्न तिच्याबद्दल आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मला माझीही लाज वाटत होती, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मी तेव्हा तपासलं नाही.

मग एका संध्याकाळी गुरुजी घरी आले आणि विधी समजावू लागले. कन्यादानाला खाली काशाचं पात्र. त्यावर मुलाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, सगळ्यांत वर माझी. बायकोने माझ्या हातांवर पाण्याची धार धरायची. ते पाणी माझ्या बोटांतून मुलीच्या ओंजळीत आणि तिथून जावयाच्या ओंजळीत उतरणार. गुरुजी हे सांगत असताना मी हात मांडीखाली घेतले होते. हॉल भरलेला, वर कॅमेरा, आणि माझ्या भेगांवरून जाणारं पाणी त्या मुलाच्या हातांत पडणार. मला दुसरं काही सुचेना.

आमच्या मागच्या गल्लीत एक डॉक्टर बसत. सर्दी-तापाला लोक त्यांच्याकडे जात. मी कोणाला न सांगता गेलो.

“लग्न आहे ना? मग टेन्शन कसलं घेता साहेब,” ते म्हणाले. “हात असे होतील की फोटो बघून बायका क्रीमचं नाव विचारतील.”

कसलं इंजेक्शन ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. सोबत गोळ्याही दिल्या. आठवड्याभरात हात मऊ झाले. बशी धरताना बोटं दुखेनात. बायकोने माझा तळहात उलटसुलट करून पाहिला.

“काय लावताय हल्ली?”

“तेच. या वेळी लागू पडलंय.”

ती आत गेली आणि तिने देवापुढे साखर ठेवली. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसून राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी परत त्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यानंतर आणखी एकदा.

लग्न जवळ आलं तसा माझा चेहरा गोल दिसू लागला. “लग्न मुलीचं आणि बाळसं तुम्हाला,” बायको म्हणाली. ती चेष्टेत म्हणाली, पण मी घाबरलो. हात तर साफ झालेच होते. मी इंजेक्शन आणि गोळ्या एकदम बंद केल्या.

आधी पाठ तापल्यासारखी झाली. मग पोट, मग मांड्या. मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो आणि खरेदीच्या धावपळीत कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्नाला तीन दिवस उरले असताना खांदेश्वरला थोरल्या भावाकडे केळवण होतं. पानात पुरणपोळी, समोर सगळे नातेवाईक, आणि मला थंडी वाजायला लागली. हातातला घास हलत होता.

“अरे पंखा बंद करा,” भाऊ म्हणाला. “मुलीच्या बापाला आत्ताच कापरं भरलंय.”

पंगत हसली. बायको हसली नाही. ती उठली, मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि तिने माझी बाही वर सारली. सबंध हात भाजल्यासारखा लाल होता आणि त्यावरून कातडीचे पापुद्रे सुटत होते. तिने कॉलर ओढून पाठ पाहिली.

“काय घेतलंत तुम्ही?”

“काही नाही. उष्णता झाली असेल.”

सकाळी तिने मला वाशीला नेलं. डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. त्यांनी माझी पाठ तपासली आणि पुन्हा विचारलं. बायको शेजारच्या खुर्चीवर होती. तिच्याकडे न बघता मी इंजेक्शनांचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, आणि मी स्वतःच बंद केल्याचंही सांगितलं.

“आजच ॲडमिट व्हायचं,” डॉक्टर म्हणाले.

“परवा मुलीचं लग्न आहे. मुहूर्तापर्यंत निभावेल असं काहीतरी द्या. एकच इंजेक्शन.”

“त्याच इंजेक्शनांनी तुम्ही इथवर आलात. कातडी अंगातली ऊब धरून ठेवते, पाणी धरून ठेवते. तुमची आत्ता दोन्ही धरत नाहीये. हॉलमध्ये कोसळलात तर लग्न कोणी बघायचं आणि तुम्हाला कोणी?”

बायकोने माझे जुने कागद पिशवीत घातले. मग म्हणाली, “आणि मी साखर ठेवली हो देवापुढे.”

एवढंच ती बोलली. बाहेर येऊन तिने माझ्या भावाला फोन लावला, आणि तेव्हा जी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती ती माझ्या लक्षात आली. कन्यादानाला जोडपं बसतं. मी नाही म्हणजे तीही नाही. ती फोनवर म्हणत होती, “भावजी, तुम्ही आणि वहिनी बसा. हो, दोघं. नाही, मला चालेल.”

लग्नाच्या दिवशी वॉर्डात माझ्या सगळ्या अंगाला मलम थापलं होतं आणि वर ओल्या पट्ट्या होत्या. पुतण्याने फोनवर लग्न दाखवायची सोय केली होती, पण बोटांना मलम असल्याने फोन सारखा निसटत होता. शेवटी नर्सने तो उशीला टेकवून उभा केला. भावाची ओंजळ दिसली. धार वहिनीने धरली. बायको मागे मामीच्या शेजारी, हातात मुलीची शाल घेऊन उभी होती. तिचा चेहरा कॅमेऱ्यात येत नव्हता.

दुपारी मुलगी आली. शालू, मुंडावळ्या, सगळं तसंच. एकालाच आत सोडत होते, म्हणून जावई खाली गाडीत थांबला होता. वॉर्डातले पेशंट उठून बघायला लागले.

“बाळा, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“आता नको बाबा. आता मला राग आलाय आणि मेकअप केलेला आहे.”

ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने उठली, माझ्याकडे पाठ केली आणि गजऱ्याखालचे केस वर धरले. मानेवर, केसांच्या कडेला, एक चट्टा होता. रुपयाएवढा, लालसर, वर पांढरी खपली. तो कसला हे मला विचारावं लागलं नाही.

“कधीपासून?”

“साखरपुड्याच्या आधीपासून.”

“त्याला माहीत आहे?”

“पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. त्याने आत्याला सांगितलं. तुम्ही ॲलर्जी म्हणालात तेव्हा त्या दोघांनाही माहीत होतं. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून आत्याने मुद्दाम विचारलं होतं.”

माझ्या अंगावरच्या पट्ट्या गार पडल्या होत्या. “मग आम्हाला का नाही सांगितलंस?”

“आईला सांगणार होते. पण मग तुम्हालाही कळलं असतं.” ती अजून पाठमोरीच होती. “तुमचे हात एकदम बरे झाले तेव्हा मी तुमच्या शर्टाच्या खिशातल्या गोळ्या पाहिल्या. तुम्ही मला पण त्याच डॉक्टरकडे नेलं असतंत, बाबा. लग्नासाठी. नसतं नेलं?”

तिने केस वर धरले तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की फोटोत हे दिसलं नसेल ना. खाज येते का, रक्त येतं का, हे प्रश्न नंतरचे. नसतं नेलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

“नेलं असतं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. केस सोडले, गजरा चाचपून नीट केला. वाशीच्या डॉक्टरांची वेळ तिने स्वतःच घेतली होती, पुढच्या आठवड्यातली. तेवढं सांगून ती शालूचा घोळ सावरत जिन्याकडे गेली.