जॉब कार्डवरचं नाव

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक जॉब कार्डवर काम करणाऱ्याचं नाव लागतं. नाव नसेल तर सुपरवायझर कार्ड तोंडावर फेकतो. आहे आमच्या रायगडचाच.

एकदा त्याने माझ्यापुढे ड्रॉइंग टाकलं. कार्डवर लिहिलं होतं, ‘पंपाचा पार्ट’. गोल तुकडा, त्यात सहा भोकं. माझे वडील पोलीस खात्यात हत्यारं दुरुस्त करायचे; असला तुकडा मी लहानपणीच पाहिलेला. मला पंप शिकवतो!

खडसावून विचारलं, तर हसला. “अरे, ओळखीच्याचं जुनं रिव्हॉल्वर आहे. त्याच्या गोळ्या आता मिळत नाहीत. हे गोळ्या भरायचं दुसरं सिलिंडर बसवलं की वेगळ्या गोळ्याही चालतील. शौक आहे त्याचा. तुला फक्त भोकं पाडायचीत. यल्ला, चल, खलास कर.”

फक्त भोकं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या पोलीस आले तर काय लेथ मशीनला पकडून नेणार? माझी पोरं इथे शाळेत जातात.

मी पेन पुढे केलं. “पंप खोडा, रिव्हॉल्वर लिहा. आणि करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घाला.”

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने बिननावाचं कार्ड तोंडावर न फेकता परत घेतलं.