रंगनाथचं ताट

नगरच्या भिंगारमध्ये माझ्या शेजारी हवालदार कानिफनाथ राहतो. मूळचा जामखेडकडचा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. जवळच्या लष्कराच्या छावणीत तो नव्या रिक्रूट पोरांचा उस्ताद आहे. कवायत तर शिकवतोच, पण दोन वर्षांपासून दर शनिवारी आणखी एक तास घेतो. आपल्या सोबत्याच्या मनात जीव द्यायचं घोळतंय का, हे कसं ओळखायचं, त्याला सरळ कसं विचारायचं आणि कुणाला जाऊन सांगायचं, याचा तास. मी जन्मभर मास्तरकी केलेला खडूस माणूस. म्हटलं, ‘‘तासभर बडबडून कुणाचं मरण टळतं का रे?’’

तो चिडला नाही. ‘‘मला कुणी असा तास दिला असता तर एक टळलं असतं, गुरुजी,’’ म्हणाला. मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून देतात. त्याला बडी म्हणायचं. खाट शेजारी, जेवण सोबत, एकाच्या चुकीची शिक्षा दोघांना. आणि बडीची गोष्ट वर सांगायची नाही, हा कुठंही न लिहिलेला नियम पोरं जिवापाड पाळतात. कानिफनाथचा बडी होता संगमनेरकडचा रंगनाथ. पंधरा वर्षांपूर्वी, सीमेवरच्या चौकीवर, तो हळूहळू बोलेनासा झाला. हातातलं घड्याळ कानिफनाथला देऊन टाकलं. मग जेवण सोडलं. ‘‘कुनाला सांगू नको, माझी शपथ हाय,’’ म्हणाला. ताटात अन्न उरलेलं दिसलं तर साहेब विचारणार, म्हणून कानिफनाथ आपलं ताट संपवून त्याचंही संपवायचा. हजेरीला दोघांच्या वतीनं ‘सब ठीक’ सांगायचा. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी रंगनाथनं जीव दिला.

‘‘पुढच्या तपासणीत माझं वजन दोन किलो वाढलेलं निघालं,’’ हे सांगताना कानिफनाथ आमच्या फाटकाला घट्ट धरून उभा होता.

तासाला तो पोरांना हे सगळं सांगायचा, फक्त नाव सांगायचा नाही. गेल्या भाद्रपदात करण नावाच्या रिक्रूटनं विचारलं, ‘‘उस्ताद, तुमचा तो बडी कुठला?’’ करण संगमनेरचाच. कानिफनाथ पटकन म्हणाला, ‘‘यूपीचा.’’

खोटं बोलायचं कारण रंगनाथची आई, कलाबाई. संगमनेरच्या पोराकडून गोष्ट तिच्या कानावर गेली असती. पितरपाठात गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी बसवून जेवू घालायची आपल्याकडची रीत. कलाबाई दर वर्षी रंगनाथच्या जागी कानिफनाथला बसवायची. वाढता वाढता एकच विचारायची, शेवटी माझं पोरगं जेवत हुतं ना? आणि हा दर वर्षी सांगायचा, व्हय काकू, पोटभर.

‘‘पोरांना शिकवतो लपवू नका म्हनून. आन मीच लपवतोय,’’ तो म्हणाला. ‘‘या खेपेला सांगतो. तुमी संगं चला, न्हाईतर मी परत तेच बोलंन.’’

तारकपूर स्टँडवरून एसटीनं संगमनेरकडं गेलो. वाटेत मी त्याला म्हणालो, म्हातारीला कशाला दुखावतोस, पंधरा वर्षं झाली. आज वाटतं, मी तेव्हा तोंड बंद ठेवायला हवं होतं.

कलाबाईनं खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं केलं होतं. भिंतीवर रंगनाथचा वर्दीतला फोटो होता. पाटावर कानिफनाथला बसवून तिनं वाढलं, त्याच्या ताटाला हात जोडले आणि विचारलं, ‘‘शेवटी जेवत हुता ना रं माझा रंगा?’’

‘‘न्हाई काकू.’’

तिचे जोडलेले हात तसेच राहिले.

‘‘बारा दिस जेवला न्हाई. त्याचं ताट मी खाल्लं. कुनाला कळू नये म्हनून. शपथ घातली हुती त्यानं. मी साहेबाला सांगितलं असतं तर कदाचित...’’

कलाबाई रडली नाही. मग वाकली आणि त्याच्या पुढचं भरलेलं ताट उचलून आत घेऊन गेली. आतून म्हणाली, ‘‘जावा तुमी.’’

येताना कानिफनाथ उपाशी होता. राहुरीला मी वडापाव आणला, तो त्यानं हातात धरला आणि नगर येईपर्यंत तसाच धरून बसला. त्यानंतर दोन शनिवार त्यानं तास घेतला नाही, अंगात ताप आहे म्हणून कळवलं. मला फार भीती वाटली. मी रोज संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसायला लागलो, आणि त्यानंच पोरांना शिकवलेला प्रश्न एकदा त्यालाच सरळ विचारला. ‘‘तसं न्हाई काही, गुरुजी. पन लई जड झालंय,’’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्याला छावणीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.

दिवाळीनंतर त्याचा फोन वाजला तेव्हा मी तिथंच होतो. कलाबाई होती. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला, बहुतेक एकट्यानं ऐकायचा धीर नव्हता.

‘‘मागच्या साली पोरांना शिकवतो म्हनला हुतास. रंगाचं सांगतोस का त्यांना?’’

‘‘सांगतो, काकू.’’

‘‘त्याचं नाव घेतोस?’’

‘‘न्हाई.’’

मग ती म्हणाली, ‘‘नाव घे. गावबी सांग. आई हाय त्याला, तेबी सांग. आन हितं जेवायला परत येऊ नको.’’